आधी ‘कशासाठी?’ विचारा, मग घोडं दामटा

बॉसचा मेल आला रे आला की लगेच एक्सेल उघडायची सवय आहे? लष्करातला चांगला अधिकारी तसं करत नाही. हुकूम हातात पडल्यावर तो आधी हुकूमच नीट तपासतो. या सवयीचे सगळ्यात झणझणीत धडे आपल्या वऱ्हाड-मराठवाड्याच्या मातीत सापडतात. सोनाळ्याच्या आसपास एक चक्कर टाकली तरी पुरे!

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी सोनाळा आहे. गावाच्या एका अंगाला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचंच एक टोक. दुसऱ्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यातली काळीशार, सपाट, कपाशीची जमीन. तालुक्याचं नावही कसं झकास, संग्रामपूर! जंगल बघायला येणाऱ्यांचं लक्ष अर्थातच डोंगराकडे असतं. पण एकदा डोंगर डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे गाडी काढा. जिल्हा बदलतो, अकोला सुरू होतो. हिवरखेड मागे पडतं आणि अडगाव येतं.

२९ नोव्हेंबर १८०३ ची दुपार. या अडगावच्या शिवाराजवळ इंग्रजांची फौज येऊन पोचली होती. सकाळपासून चालून माणसं आणि बैल, दोघंही दमलेले. सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय वर्षं फक्त ३४. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. समोर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचं घोडदळ, जवळपास पाच मैल लांबीची फळी धरून उभं. दिवस मावळायला थोडेच तास उरलेले. मुक्काम करायचा, की आत्ताच भिडायचं?

त्या संध्याकाळी जे झालं त्यानं वऱ्हाडाचं नशीब बदललं. भोसल्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पुढच्या १८ दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेला. म्हणजे आजच्या सोनाळ्याच्या पंचक्रोशीनं धनी बदलला, तो असा.

आता तुम्ही म्हणाल, आपण हरलेल्या लढाईचं कौतुक आम्हाला का सांगताय? कौतुक नाही हो. हार आणि जीत यांच्यातलं अंतर बऱ्याचदा पहिली तोफ उडायच्या आधीच ठरलेलं असतं. ते कसं ठरतं, हे बघायचंय.

मिशन ॲनालिसिस म्हणजे काय रे भाऊ?

शब्द जड आहे, पण गोष्ट साधी आहे. मराठीत ‘कामगिरीची चिकित्सा’ म्हणा. वरून हुकूम आला की योजना आखायला बसण्याआधी त्या हुकमाची उलटतपासणी करायची.

आजच्या अमेरिकी सैन्यात निर्णय घेण्याच्या सात पायऱ्या शिकवतात. हुकूम घेणं ही पहिली. त्याची चिकित्सा ही दुसरी. मग वेगवेगळे मार्ग सुचवणं, प्रत्येक मार्ग शत्रूच्या चालींसमोर खेळून बघणं, त्यांची तुलना, एकावर शिक्कामोर्तब आणि शेवटी लेखी हुकूम. गंमत बघा, सातपैकी ‘मार्ग शोधणं’ तिसऱ्या नंबरवर आहे. आपण मात्र ऑफिसात थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि मग कुठे पाय मुरगळला ते शोधत बसतो.

आपल्याकडेही हे काही नवं नाही. रायगडावर खलबतखाना आहे, तो काय फक्त थंड हवा खायला बांधला होता? भारतीय लष्करात याला ‘ॲप्रिसिएशन’ म्हणतात. उद्दिष्ट काय, परिणाम करणाऱ्या गोष्टी कोणत्या, कोणकोणते मार्ग खुले आहेत आणि मग योजना, असा त्याचा क्रम. कोवळ्या वयातल्या कॅडेटपासून जनरलपर्यंत सगळे याच साच्यात विचार करायला शिकतात.

एक झकास नियमही आहे. हातात जेवढा वेळ असेल, त्यातला एक तृतीयांश साहेबानं वापरायचा, दोन तृतीयांश हाताखालच्यांना द्यायचा. सहा तास असतील तर दोन तासांत तुमचा विचार संपला पाहिजे. (शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ‘सोमवारी सकाळी हवंय’ असा मेल पाठवणाऱ्या तमाम मॅनेजरांनी हे वाक्य कापून डेस्कवर चिकटवावं!)

चिकित्सेत विचारायचे प्रश्न फार नाहीत. वरच्याच्या मनात नेमकं काय आहे? मला खरोखर माहीत काय आहे आणि मी धरून काय चाललोय? माझे हात कुठे बांधलेले आहेत? मला न सांगता सांगितलेली कामं कोणती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हुकूम मिळाल्यापासून परिस्थिती बदलली का? शेवटी उत्तर एका वाक्यात मांडायचं. कोण, काय, कुठे, कधी आणि कशासाठी.

हे प्रश्न पुस्तकात कोरडे वाटतात. जमिनीवर उतरवून बघू.

‘पुणं वाचवा’ हा हुकूम होता का?

साल १७२७. दक्षिणेत निजाम-उल-मुल्कनं मराठ्यांची चौथाई अडवून धरली. छत्रपती शाहू खरे वारस की कोल्हापूरचे संभाजी, हा वाद त्यानं उकरून काढला आणि संभाजींना हाताशी धरलं. साताऱ्याच्या गादीपुढे हा जिवावरचा पेच होता. तो सोडवायची जबाबदारी ज्याच्यावर आली तो पेशवा होता २७ वर्षांचा. बाजीराव पहिला.

बाजीरावाकडे वेगवान घोडदळ होतं. निजामाकडे उत्तम तोफखाना. साधा माणूस म्हणाला असता, ‘निजाम पुण्यावर येतोय, तर पुण्यापुढे मोर्चे बांधा.’ बाजीरावानं तसं केलं नाही. तो उलट निजामाच्याच मुलखात घुसला. जालना, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड, तिथून पूर्वेला माहूर-वाशीमकडे मुसंडी, मग एकदम वळून खानदेश आणि पुढे गुजरात. मधेच बऱ्हाणपूर लुटणार अशी हूल. अवजड तोफा ओढत निजाम मागे मागे पळून थकला आणि शेवटी सरळ पुण्यात जाऊन बसला. तिथे त्यानं संभाजींना छत्रपती म्हणून पुढे केलं.

आता विचार करा. घर शत्रूच्या ताब्यात गेलंय. कुणाचाही धीर सुटेल, कुणीही घराकडे धावेल. बाजीराव धावला नाही. कारण त्यानं कामगिरी स्वतःच्या मनात नीट मांडली होती. शाहू महाराजांना हवं होतं ते पुण्याच्या वेशीचं रक्षण नव्हे. निजामानं शाहूंचा हक्क मान्य करायला हवा होता. पुणं हा त्या वाटेवरचा एक मुक्काम. म्हणून त्यानं मोर्चा वळवला औरंगाबादवर, निजामाच्या स्वतःच्या घरावर. निजामाला पुणं सोडून निघावं लागलं, वेग गाठायला जड तोफा मागे टाकाव्या लागल्या आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळच्या पालखेडला तो पाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथाई आणि सरदेशमुखीवरचा शाहूंचा हक्क निजामानं मान्य केला.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यानं युद्धांचा इतिहास लिहिताना या पालखेडच्या मोहिमेची तोंडभरून स्तुती केली आहे. ती वेगाची स्तुती आहे, हे खरं. पण वेग कुठल्या दिशेनं लावायचा, हे ‘कशासाठी?’ या प्रश्नातून ठरलं होतं. दिशा चुकली असती तर तोच वेग बाजीरावाला निजामाच्या तोफांच्या तोंडी घेऊन गेला असता.

ऑफिसचं भाषांतर? बॉस म्हणतो, ‘ग्राहकांच्या तक्रारींवर वीस स्लाइड्स कर.’ तुम्ही विचारा, ‘सर, हे कुणाला दाखवायचंय?’ उत्तर आलं की मोठा क्लायंट पुढच्या आठवड्यात करार वाढवायचा की नाही ते ठरवणार आहे, तर तुमची कामगिरी क्षणात बदलते. वीस स्लाइड्स राहिल्या बाजूला. त्या क्लायंटच्या तीन जुन्या तक्रारी शुक्रवारपर्यंत मिटवून एक पानी चिठ्ठी देणं हे खरं काम.

दोन गावं, एक नदी

आता येऊ १८०३ वर. अडगावच्या दोन महिने आधी, २३ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या आसईला वेलस्लीची गाठ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी पडली. ठरलं होतं असं, की वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा. पण एक दिवस आधीच वेलस्लीला कळलं, की शत्रू जेमतेम सहा मैलांवर आहे. स्टीव्हन्सन अजून लांब. थांबलं तर शत्रू निसटेल किंवा उलटून अंगावर येईल. त्यानं एकट्यानं भिडायचं ठरवलं.

मधे केळणा नदी. समोरच्या उतारांवर मराठी तोफा रोखलेल्या. (नदी पायी ओलांडायच्या जागेला आपल्याकडे ‘उतार’ म्हणतात, ते इथे अभिप्रेत आहे.) वाटाडे म्हणाले, साहेब, दुसरा उतारच नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. नदीच्या अल्याड-पल्याड दोन गावं अगदी समोरासमोर दिसत होती, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं मनाशी म्हटलं, इतक्या जवळ दोन गावं वसतात म्हणजे माणसं इकडून तिकडे जात-येत असणार. सोयरिकी होत असणार, बाजार होत असणार. मग उतार असलाच पाहिजे. आणि उतार निघाला!

हा किस्सा हुशारीचा म्हणून सांगतात. पण त्यातली शिस्त बघा. वाटाड्याचं म्हणणं ही ‘ऐकीव गोष्ट’, दोन गावं ही ‘दिसलेली गोष्ट’ आणि उतार हा ‘अंदाज’. तिन्ही त्यानं वेगळ्या कप्प्यांत ठेवलं. चिकित्सेत नेमकं हेच करायचं असतं. कागदावर मधोमध उभी रेघ. डावीकडे जे माहीत आहे ते, उजवीकडे जे धरून चाललोय ते. उजवीकडचं प्रत्येक वाक्य एकतर तपासायचं, नाहीतर ते खोटं निघालं तर काय, याची तजवीज करायची.

कारण अंदाज चुकतातही. नदी ओलांडून बगलेवर आलो की शत्रू गोंधळेल, असा त्याचा होरा होता. पण शिंद्यांच्या कवायती पलटणी कच्च्या नव्हत्या. त्यांनी चटकन तोंड फिरवलं आणि नवी फळी धरली. पुढचे काही तास जे झालं ते भयंकर होतं. लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा घेतल्या. पण त्यांची १,५८४ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मराठी बाजूचे किती गेले, याची धड मोजदादही नाही. एक अंदाज बरोबर निघाला, एक चुकला. दोन्हीची किंमत त्याच दिवशी, रोख वसूल झाली.

हात बांधलेले, दिवस मावळलेला

पुन्हा अडगावला येऊ. इथे मराठी बाजूचं दुखणं नेमकं दिसतं.

लढाईच्या सहा दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांनी इंग्रजांशी तात्पुरता तह केला होता. शिंद्यांची फौज एलिचपूरच्या (म्हणजे आजच्या अचलपूरच्या) पूर्वेला लांब जाऊन राहील, अशी त्यात अट होती. भोसले या तहात नव्हते. पण २९ तारखेला शिंद्यांचं घोडदळ कुठे होतं? भोसल्यांच्या शेजारी, अडगावच्या मैदानात!

म्हणजे एकाच फळीत दोन भागीदार. एक कागदोपत्री तहात, दुसरा कागदोपत्री युद्धात. ‘आपण इथे कशासाठी उभे आहोत?’ या प्रश्नाला दोघांचं एकच उत्तर असणं शक्यच नव्हतं. माणसं होती, तोफा होत्या, शौर्यही होतं. पण सगळ्यांना बांधणारं ते एक वाक्य नव्हतं. होळकर तर या युद्धात तोवर उतरलेच नव्हते. बाजीरावाच्या मोहिमेत सगळ्या फौजेची दोरी एका हातात होती. पाऊणशे वर्षांत ती दोरी सुटली होती. आघाडीचं सरकार असो नाहीतर दोन कंपन्यांचं जॉइंट व्हेंचर, हे चित्र आपल्याला नवीन नाही.

समोर वेलस्लीचा आधीचा बेत होता मुक्कामाचा. माणसं दमली आहेत, उन्हानं हैराण आहेत, उद्या बघू. पण पुढे जाऊन पाहिलं तेव्हा भोसल्यांची अख्खी फौज लढाईच्या पवित्र्यात दिसली. परिस्थिती बदलली का? बदलली. मग बेतही बदलायला हवा. त्यानं तिथल्या तिथे हल्ल्याचा हुकूम दिला. दुपार कलली होती.

आणि पहिल्याच झटक्यात घोटाळा. आघाडीचे शिपाई गावाआडून उघड्यावर आले, मराठी तोफखान्यानं भडिमार सुरू केला आणि आसईला पाय रोवून लढलेल्या पलटणीतले लोक चक्क पळत सुटले. वेलस्ली योगायोगानं जवळच होता. त्यानं त्यांना गावाच्या आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभं केलं आणि मग परत पुढे काढलं. उरलेल्या उजेडात लढाई संपली, पाठलाग चांदण्यात झाला. इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून साधारण ३६०, आसईच्या मानानं कितीतरी कमी.

‘ठरलं ते ठरलं’ हा बाणा नाटकात शोभतो. योजनेत ‘परत विचारलं का?’ हा प्रश्न शोभतो. सोमवारचा हुकूम गुरुवारी तसाच लागू आहे, असं धरून चालणारे लोक शुक्रवारी फार दमतात.

न सांगितलेली कामं

अडगावनंतर पुढचं लक्ष्य होतं गाविलगड. चिखलदऱ्याला ट्रिपला गेलात की हा किल्ला बघून येताच ना? दक्षिणेकडून सरळसोट कडा. उत्तरेकडून मात्र डोंगरसलग जमीन, तिथूनच काय तो मार्ग.

समजा हुकूम आहे, ‘गाविलगड घ्या.’ तीन-चार शब्द. त्यात लपलेलं काम किती? भिंत पाडायला जड तोफा हव्यात. तोफा उत्तरेला न्यायच्या म्हणजे मेळघाटच्या डोंगरातून न्यायच्या. तिथे तोफेला रस्ता नाही. म्हणजे आधी रस्ता करायचा! स्टीव्हन्सनच्या लोकांनी डिसेंबर १८०३ मध्ये झाडं तोडत, वाट करत, साधारण तीस मैल अवघड मुलखातून तोफा ओढून नेल्या. ७ डिसेंबरला निघालेले लोक १२ तारखेला किल्ल्यापुढे पोचले. १५ तारखेला किल्ला पडला.

तेव्हाही एक गोष्ट उरलीच. बाहेरच्या कोटाला खिंडार पडलं, आतल्या कोटाची भिंत शाबूत होती. एका तुकडीनं शिडी लावून ती चढली आणि आतून दार उघडलं. शिडी कुणीतरी बरोबर आणली होती म्हणून. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

हुकमात ‘रस्ता’ हा शब्द नव्हता, ‘शिडी’ हाही नव्हता. यांना लष्करी भाषेत ‘गर्भित कामं’ म्हणता येईल. सांगितलेली नसतात, पण ती केल्याशिवाय सांगितलेलं होत नाही. ‘नवं सॉफ्टवेअर पहिल्या तारखेला सुरू करा’ या वाक्याच्या पोटात जुना डेटा साफ करणं, अकाउंट्सच्या मंडळींना शिकवणं आणि दोन दिवस दोन्ही सिस्टिम चालवणं ही तीन पिल्लं असतात. ती मोजली नाहीत तर पहिल्या तारखेला ती बाहेर येऊन बसतात.

शेवटच्या माणसापर्यंत पोचलं का?

आता परत एकदा आसईला, त्या दिवसाच्या सगळ्यात काळ्या तासाकडे.

आसई गावात तोफा आणि पायदळ ठासून भरलंय, हे वेलस्लीनं हेरलं होतं. त्याच्या बेतात त्या गावाला हातच लावायचा नव्हता. उजव्या टोकाच्या तुकड्या कर्नल ऑरॉकच्या हाताखाली होत्या. गावाच्या माऱ्यापासून दूर राहा, असं त्याला सांगितलेलं होतं. पण धूर, धावपळ, तोफांचा गडगडाट यात ऑरॉकनं ते वेगळंच समजून घेतलं आणि तो थेट गावाच्या दिशेनं चालत राहिला. त्याच्या पाठोपाठ ७४वी स्कॉटिश पलटणही गेली. समोर तोफा, वरून मराठी घोडदळ. त्या पलटणीचे ११ अधिकारी जागीच मेले, बाकीचे बहुतेक जखमी. शिपायांची तर चाळणच झाली. आसईच्या इंग्रजी नुकसानीतला फार मोठा वाटा या एका गैरसमजाचा आहे.

सेनापतीच्या डोक्यात कामगिरी स्वच्छ होती. ती शेवटच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात तशीच उतरली नाही आणि त्या दोन डोक्यांमधल्या अंतरात शेकडो माणसं मेली.

म्हणूनच आजच्या लष्करी शिक्षणात ‘उलट सांग’ ही पद्धत असते. हुकूम ऐकणाऱ्यानं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मी काय करणार आणि कशासाठी. पोपटपंची चालत नाही. ‘गावापासून लांब राहतो, कारण आपल्याला गाव घ्यायचंच नाही’, असं उत्तर आलं पाहिजे. कारण माहीत असलेला माणूस धुरातही रस्ता काढतो. नुसता हुकूम माहीत असलेला माणूस धूर आला की सरळ चालत सुटतो.

ऑफिसात कुणी मरत नाही, देवाची कृपा. पण मुलाचं गॅदरिंग चुकवून, रात्री दोनपर्यंत जागून केलेलं काम ‘अरे, मला हे नको होतं’ या एका वाक्यात कचऱ्यात जातं, तेव्हा माणसाच्या आत काहीतरी तुटतंच. ते ऑरॉकच्याच घरचं दुखणं आहे.

करून बघा : सोनाळा ते शेगाव

लष्करात अधिकारी होऊ बघणाऱ्या मुलामुलींना एसएसबीच्या मुलाखतीत एक खेळ देतात, ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइज. समोर एका भागाची प्रतिकृती, एक गोष्ट, त्यात एकाच वेळी आलेली तीन-चार संकटं आणि मर्यादित वेळ. आधी प्रत्येकानं आपला तोडगा लिहायचा, मग सगळ्यांनी मिळून एक योजना ठरवायची. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून मराठी मुलांची अशा परीक्षांसाठी तयारी करून घेते आहे.

त्याच धर्तीवर एक आपला घरगुती खेळ.

तुम्ही सहा मित्र दोन मोटारसायकली आणि एक जीप घेऊन सोनाळ्याला आला आहात. दुपारचे चार वाजलेत. रात्री आठला शेगाव स्टेशनवर गाडी पकडायची आहे. रस्ता दीड तासाचा धरा. तेवढ्यात तीन गोष्टी कळतात. एक, शेतात एका बाईला साप चावलाय. दोन, डोंगराच्या कडेला धूर दिसतोय, वणवा असावा. तीन, शेगावच्या वाटेवरच्या पुलावरून पाणी वाहतंय, असं एक दुकानदार म्हणतो. काय कराल?

बहुतेक जण ताबडतोब कामं वाटायला लागतात. थांबा! आधी चिकित्सा.

कशासाठी? गाडी पकडणं हे चार वाजेपर्यंतचं उद्दिष्ट होतं. आता जीव वाचवणं पहिलं. कामगिरी बदलली.

माहीत काय, अंदाज काय? साप चावला हे बघितलेलं. वणवा हा अंदाज, धूर कुणी पाला जाळल्याचाही असेल. पुलावरचं पाणी ऐकीव. उन्हाळी वणव्याच्या दिवसांत पुलावर पाणी कसं? दोन्ही एकदम खरं असणं कठीण. ज्याला हे खटकलं त्याला दहापैकी दहा!

हात कुठे बांधलेत? जीप एकच. जंगलात परवानगीशिवाय घुसायचं नाही.

गर्भित कामं? आधी १०८ ला फोन. बाईला पाय हलवू द्यायचा नाही, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते फोनवर विचारायचं, म्हणजे जीप चुकीच्या दारात जाणार नाही. वनखात्याला धुराची खबर द्यायची. एका मोटारसायकलनं पूल बघून यायचा.

एक वाक्य : ‘आम्ही सहा जण बाईला जीपनं लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचवू, कारण तिचा जीव वाचवायचा आहे. बाकी सगळं त्यानंतर.’

बघा, वाक्य तयार झालं की योजना जवळजवळ आपोआप पडते. आणि गाडी चुकली तर? दुसरी मिळते.

सोमवारी सकाळी

तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात वेलिंग्टन नावाचं गाव आहे. आपल्या तिन्ही दलांचे निवडक अधिकारी तिथल्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजमध्ये हीच विद्या शिकतात. गावाचं नाव पडलंय त्याच ड्यूकवरून, जो अडगावच्या मैदानात आपली पलटण सावरत होता. ज्यानं हरवलं त्याच्या नावाच्या गावात बसून आपले अधिकारी न हरण्याचा अभ्यास करतात. इतिहासाला विनोद चांगला जमतो.

तुम्हाला त्यासाठी निलगिरीला जायची गरज नाही. सोमवारी सकाळी मेल आला की एक कोरा कागद घ्या. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे माहीत असलेलं, उजवीकडे धरून चाललेलं. खाली एक वाक्य. कोण, काय, कुठे, कधी, कशासाठी. ‘कशासाठी’ची जागा रिकामी राहिली तर खुर्चीवरून उठा आणि साहेबाच्या केबिनमध्ये जा. पाच मिनिटं लागतील. ‘एवढंही कळत नाही का?’ असा एखादा टोमणा ऐकावा लागेल. ऐकून घ्या. आसईच्या धुरात चालत सुटण्यापेक्षा तो खूप स्वस्त आहे.